काकूंचे चाळीस मासे

कल्पना करा, दर रविवारी माशांच्या टाकीतलं अर्धं पाणी तुम्हाला बादलीनं उपसायचंय आणि गुडघे साथ देत नाहीत. काकू गेल्यावर आमच्या शेजारच्या शिंपीकाकांवर ही वेळ आली. टाकीत काकूंचे चाळीस सिक्लिड मासे होते आणि त्यांची आठवण म्हणून काकांना ते जगवायचे होते.

"एवढी खोगीरभरती कशाला? म्हणूनच पाणी घाण होतं," म्हणत त्यांनी चौतीस मासे वाटून टाकले. पाणी नितळ झालं. माशांच्या घाणीनं पाण्यात वाढणारं नायट्रेट मीच तपासलं, अगदी कमी आलं.

महिन्याभरात एकच मोठा निळा नर उरला. बाकीचे पाच मेलेले सापडले, त्यांचे पर कुरतडलेले होते. मग मी वाचलं, की हे मासे भांडकुदळ असतात. गर्दीत मार सगळ्यांत वाटला जातो. मोजकेच असले की दांडगा नर एकेकाचा जीव घेतो.

"म्हणजे तिनं मुद्दाम गर्दी ठेवली होती?" काकांनी विचारलं.

"हो काका. म्हणून तर इतकं पाणी बदलत होत्या."

काका टाकीसमोर खाली बसले. "मी शेजारीच शिलाई मशीन चालवत असायचो रे. एवढ्या बादल्या एकटीनं उपसल्या, मला एकदाही हाक का नाही मारली?"