पुलाजवळची पाटी

जिल्हा मोडला तेव्हा पेंटर शिडीवर होता. पाण्याच्या टाकीवर त्याच जिल्ह्याचं नाव रंगवत होता.

"उतरा काका, जिल्हा गेला!" शिपाई खालून ओरडला.

"गेला म्हणजे कुठे गेला?"

"नदीपलीकडच्यात घातला."

हातातलं अक्षर पुरं करूनच पेंटर उतरला. अर्धवट काम सोडणं त्याच्या रक्तातच नव्हतं, आणि पुढे त्याला तेच भोवलं.

जिल्हा तसा पोरसवदाच, पण होता तोवर गावाचा काय रुबाब होता! सभेच्या दिवशी हॉटेलात बूड टेकायला जागा मिळायची नाही. एका सहीसाठी आलेली माणसं भांडून, जेवून, चार ओळखी करून परत जायची. मग कपाटं, पंखे, अध्यक्षांची खुर्चीसुद्धा ट्रकमध्ये चढली आणि पूल ओलांडून गेली. सभागृहात खताची पोती आली. गाव कसं ओकंबोकं झालं.

नव्या कार्यालयानं जुनं नाव पुसायचं काम ठेकेदाराला दिलं. पेंटर मात्र पुलाजवळच्या पाटीसाठी हटून बसला. "ती माझ्या हातची आहे साहेब. दुसऱ्या कुणी तिला हात लावायचा नाही."

नवं लग्न झालं होतं, तेव्हाची ती पाटी. सरळ रेघ मारायला खडूच्या दोरीचं दुसरं टोक बायकोनं धरलं होतं. ऐन वेळी ती शिंकली, रेघ वाकडी गेली आणि दोघं हसून हसून बेजार झाले. पुढे माहेराहून येताना बसमधून पाटी दिसली की ती म्हणायची, "आलं बाई घर."

पेंटरनं बरीच चालढकल केली.

"काका, पाटीचं काय झालं?" साहेब विचारायचे.

"शिडी मोडलीय, साहेब."

"मागच्या महिन्यातही मोडली होती."

"जुनीच आहे ना ती."

शेवटी नवराबायकोनं बेत केला. घासायचं नाही, प्रायमर नाही, वरून पातळ रंगाचा एकच हात. एका पावसाळ्यात जुनं नाव वर येईल. "नीट वाईट करा हं," बायकोनं बजावलं.

पाटीला एक फोड आला होता, तेवढाच त्यानं खरवडला. मग त्याची कड डोळ्यात खुपायला लागली, म्हणून तीही घासली. संध्याकाळी भानावर आला तेव्हा प्रायमर झाला होता, दोन हात झाले होते आणि नवं नाव आरशासारखं चमकत होतं. उभा जन्म पाट्या रंगवल्या, पण पाट्या टाकणं काही या माणसाला जमलं नाही.

"वाईट झालं ना?" बायकोनं विचारलं.

"झालं," तो म्हणाला. तिच्याकडे बघायची त्याची हिंमत झाली नाही.

पावसाळा सरला. गावात ठेकेदाराचा रंग पोपडे धरून गळाला. शाळेवर, दवाखान्यावर, टाकीवर जुनं नाव डोकवायला लागलं. बायको हरखली. "चला, आपली बघून येऊ." त्यानं गुडघ्याची सबब सांगितली, सर्दीची सांगितली. एक दिवस ती एकटीच निघाली, तेव्हा निमूट मागोमाग गेला.

धुळीनं माखलेल्या पाटीवरून तिनं सावकाश तळवा फिरवला.

"काही लागत नाही हो हाताला."

"दोन हात दिले मी," तो खाली मान घालून म्हणाला. "प्रायमरसुद्धा."

"ठेकेदाराला दिली असती तर राहिलं असतं आपलं नाव." तिचे डोळे भरून आले.

पाटीवर तिच्या हाताचा ठसा उमटला होता. पेंटरनं सवयीनं खिशातलं फडकं काढलं, आणि तसंच परत खिशात घातलं.