पांढरी सहा

ही गोष्ट सहा वर्षांत एकदाही माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. आईला सांगितली नाही, गाण्याच्या बाईंना नाही, आणि जिला सांगायला हवी होती त्या दर्शनाला तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही तिला ओळखत नाही. म्हणजे हाही एक भित्रेपणाच. असू दे. सुरुवात तर होऊ दे.

मी कार्यक्रमांत पेटी वाजवते, मधूनमधून दोन गाणी गाते. ‘गायिका’ म्हणवून घेण्याइतकी अजून झालेली नाही, पण त्या वाटेवर आहे. लोक विचारतात, इकडे कशी वळलीस गं? त्यावर माझं एक पाठ केलेलं उत्तर आहे — लहानपणापासून ताईंची वेडी चाहती, गिरगावातून दादरला त्यांच्या प्रत्येक कार्यक्रमाला हजर, ऐकता ऐकता शिकावंसं वाटलं. यात खोटं एक अक्षर नाही. फक्त मधला एक दिवस मी गाळते.

ताई भावगीतं गातात. नाव घेत नाही, त्यांचा यात काही दोष नाही. शाळेत असताना मी त्यांच्यासारखा अंबाडा घालून बघायचे आणि आई हसायची. त्यांच्या गाण्यांची मी एक वही केली होती — शब्द शाईने आणि वर कोपऱ्यात पेन्सिलीने पट्टी. पट्टी म्हणजे गाणारा पेटीवरच्या ज्या सुराला आपला सा मानतो तो सूर. प्रत्येक गळ्याची आपली आपली ठरलेली असते. कुणाची काळी चार, कुणाची पांढरी पाच. चपलेच्या मापासारखं आहे ते. दुसऱ्याची घातली की चालता येतं, धावता येत नाही. माझी पांढरी सहा. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

दर्शना मला परळच्या कॉलेजात भेटली. लालबागची, घरचं बोलणं मालवणी, वडील शिवडीला गोदामात आणि घराखालीच मिरची-मसाला कुटायच्या गिरणीचा डंख — त्यांच्या जिन्यात मला शिंकांवर शिंका यायच्या आणि ती मात्र तिथेच उभी राहून तासभर गप्पा मारायची. तिला ताई कोण, हेही ठाऊक नव्हतं. एका रविवारी दुपारच्या कार्यक्रमाचा एक पास उरला होता म्हणून मी तिला नेलं. मध्यंतरात ती दोन वडे खाऊन आली. दुसऱ्या भागात जांभया दिल्या. मला लाजच वाटली तिची.

कार्यक्रम संपल्यावर आम्ही चालत परळकडे निघालो. तिला काही ताईंचं कौतुक वगैरे नव्हतं, चपलेचा अंगठा तुटल्याची कुरकुर चालली होती. आणि मग ती गुणगुणायला लागली. शेवटच्या गाण्याचा अंतरा. त्यात एक हरकत आहे, सुरांची एवढीशी गिरकी — ती गळ्यात बसवायला मी दोन महिने घालवले होते. आई म्हणायची, आता पुरे कर, मलाही पाठ झाली. ती हरकत दर्शनाने एकदा ऐकून, रस्ता ओलांडताना, टॅक्सीवाल्याला हात दाखवत घेतली. बरोबर घेतली. माझ्यापेक्षा बरोबर घेतली.

तुम्हाला कधी असं झालंय? मनात आपले दोन महिने मोजत असता, आणि तोंडाने तुम्ही म्हणता — वा, काय गळा आहे गं तुझा!

मीच तिला आमच्या बाईंकडे नेलं. खोताच्या वाडीजवळ, पहिल्या मजल्यावर त्यांचा क्लास. का नेलं? तेव्हा वाटलं होतं की मी मोठ्या मनाची आहे. आज वाटतं, मला फक्त श्रेय हवं होतं — हिचा गळा मी शोधून काढला, असं म्हणायला. म्हणजे तो थोडा माझाच झाला असता, नाही का? बाईंनी तिला सा लावायला सांगितला, डोळे मिटले आणि बराच वेळ उघडलेच नाहीत. मी आठ वर्षं शिकत होते. माझ्या गाण्याला बाईंनी असे डोळे कधी मिटले नव्हते. चहाचं आधण पाहायला मात्र उठल्या होत्या.

मग सहज, अगदी सहज, बाई म्हणाल्या, “तू पेटी धर गं. तिला गाऊ दे.” त्या दिवसापासून मी पेटी धरली.

मी कोमट पाणी प्यायचे, ज्येष्ठमध चघळायचे, लोणच्याला हात लावायचे नाही. ती रस्त्यावर बर्फाचा गोळा चोखत क्लासला यायची, जीभ लालभडक, आणि बसायची ती थेट वरचा षड्ज लावून. मत्सर, मत्सर म्हणतात तो हाच. त्यात ती वाईट असती तर किती सोपं झालं असतं! पण ती गोड होती हो. माझ्याशिवाय गायला तयार नसायची. पट्ट्यांची नावं तिच्या कधी लक्षात राहिली नाहीत. कुणी विचारलं की माझ्याकडे बोट दाखवायची — “तिला ठाऊक. ती आहे ना.”

मला खरंच ठाऊक होतं. तिची पांढरी पाच. एकदा क्लासमध्ये तेच हरकतीचं गाणं तिच्या लगेच वरच्या काळी चारवर गाऊन पाहिलं तेव्हा वरच्या पंचमाला तिचा आवाज चिरकायला लागला होता. म्हणजे अर्धा सूरही चढवून चालणार नव्हता. बाई म्हणाल्या, हिचा गळा अजून कोवळा आहे, ओढू नका. मी वहीत त्या गाण्यावर लिहून ठेवलं — ‘दर्शू, पांढरी पाच. याच्या वर नको.’ शेवटच्या दोन शब्दांखाली रेघही मारली.

आता त्या दिवसाकडे यायला हवं. किती वेळ टाळणार?

ताईंना कार्यक्रमात सोबत गायला एक नवी मुलगी हवी होती. बाईंची त्यांच्याशी ओळख. बाईंनी दर्शनाचं नाव सुचवलं — माझं नाही. मला म्हणाल्या, “तू पेटीवर जा. तू असलीस की तिला धीर येतो.” दादरला एका शाळेच्या सभागृहात, सकाळी अकरा वाजता. दर्शनाचे वडील गोदामातून सुट्टी घेऊन आले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, शेवटच्या रांगेत अगदी कडेला, हात मांडीवर ठेवून. तिच्या आईने माझ्या हातात मसाल्याची बरणी दिली होती. “तुझ्या आईक दी गो. आणि माझ्या पोरीक सांभाळ.”

मी ठरवून गेले नव्हते, असं म्हणायचा मोह होतोय. पण गिरगावातून येताना बसमध्ये दोनदा मनात आलं होतं. दोनदा. दोन्ही वेळा खिडकीबाहेर बघत राहिले.

ताई समोर पाच फुटांवर बसल्या होत्या. ज्यांच्यासाठी मी अंबाडा घालायचे त्या! त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. पेटीवाल्याकडे कोण पाहतं? त्यांचे तबलजी हातोडी घेऊन तबला लावायला बसले आणि दर्शनाला विचारलं, “पट्टी?”

ती नेहमीसारखी माझ्याकडे बघून हसली.

मी म्हटलं, “पांढरी सहा.”

दोनच शब्द. पकडले गेले असते तर काय बोलायचं तेही तयार होतं — अय्या, चुकून माझीच तोंडात आली. तबलजींनी तबला चढवत चढवत मान हलवली, “वा, चढा आवाज आहे मुलीचा.” मी पांढरी सहाचा सा दिला. तिने तो धरला. जो सूर मी देईन तो ती धरायची, शंका घ्यायची तिला सवयच नव्हती.

गाणं तेच, त्या हरकतीचं. धृपद निभावलं. खालच्या सुरांना काय होणार होतं? उलट ताईंनी मान डोलावली. धृपद आणि अंतरा यांच्यामध्ये पेटीची एक जागा आहे, एकटीची. फार तर वीस सेकंदांची. तिथे मला थांबता आलं असतं. सॉरी, पट्टी चुकली म्हटलं असतं तर सगळे हसले असते आणि पुन्हा सुरू झालं असतं. असं रोज कुठे ना कुठे होतं. मी थांबले नाही. मी ती जागा वाजवली — आणि सांगू? इतकी सुंदर मी ती आधी कधीच वाजवली नव्हती.

अंतऱ्यात वरच्या पंचमाला तिचा आवाज फाटला. तिने पुन्हा घेतला, पुन्हा फाटला. तिसऱ्यांदा नुसता वारा आला. ती माझ्याकडे बघत होती, मदतीसाठी. मी भात्याकडे बघत होते. ताईंनी हात वर केला. फार मायेने म्हणाल्या, “घाबरलीस का बाळ? पाणी घे.” मग माझ्याकडे वळल्या, पहिल्यांदाच. “पेटी छान वाजवतेस तू. गातेस का?”

मी गायले. तबला पुन्हा लावायची गरज नव्हती. तो माझ्या पट्टीत तयारच होता.

बाहेर आल्यावर दर्शनाने मला मिठी मारली. रडत नव्हती. म्हणाली, “एकीचं तरी झालं ना! आणि माझं काय गं, मोठं गाणं नाही झेपत मला, आज कळलं.” तिचे वडील जरा लांब उभे होते. शर्टाच्या बाहीची घडी सारखी करत म्हणाले, “असूं दे. गळो आसा ना तिचो, परत केव्हा तरी गायत.” मला त्यांनी पेढ्यांचं विचारलं — तू सिलेक्ट झालीस, पेढे कधी? मनापासून विचारलं त्यांनी.

बाईंनी दुसऱ्या दिवशी एकच प्रश्न विचारला. पट्टी बरोबर दिली होतीस ना? मी म्हटलं, हो बाई, पांढरी पाच. बाईंनी पुन्हा विचारलं नाही. महिन्याभरात दर्शनाने क्लास सोडला. नोकरी लागली, वेळ होत नाही म्हणाली.

मी तेव्हापासून ताईंबरोबर आहे. दर्शना माझे फोटो स्टेटसला लावते, ‘माझी मैत्रीण’ असं लिहून, पुढे तीन बदाम. दादरला कार्यक्रम असला की आईला घेऊन येते आणि आता जांभया देत नाही. तुम्हाला वाटेल, आता तरी माझा मत्सर संपला असेल. नाही संपला. मी गात असताना तिचे ओठ हलतात आणि मला कळतं, तिला ती हरकत अजून येते.

यंदा गणपतीत तिच्याकडे गेले होते. दुपारी आरती झाली, प्रसाद झाला. तिची आई म्हणाली, “काय तरी म्हणा गो पोरींनो.” शेजारच्यांची पेटी आणली. दर्शना नको नको करत बसली आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “अगदी खालची पट्टी दे हं. वरचं मला नाही जमत, तुला माहितीये ना.”

मी पांढरी पाच दिली, तिची स्वतःची.

तिने तेच गाणं घेतलं, सहा वर्षांपूर्वीचं. मला वाटलं, धृपद म्हणून सोडून देईल. पण तिने अंतरा घेतला. रियाज नाही, काही नाही, खाली डंख धडधडतोय, आणि वरचा पंचम — लागला. स्वच्छ लागला, लागून थांबला, आणि मग ती हरकत घेऊन ती खाली उतरली. दाराशी शेजारणी जमल्या होत्या. तिचे वडील गणपतीकडे तोंड करून उभे होते. ते वळलेच नाहीत.

दर्शना स्वतःच थक्क झाली होती. माझा हात धरून हसत म्हणाली, “बघितलंस? खालच्या पट्टीत जमतं मला! खालचीच होती ना?”

पेटीवर माझं बोट अजून पांढरी पाचवरच होतं.

मी म्हटलं, “हो. खालचीच.”