एका घराचं पाणी

माझ्या आईबापाच्या लग्नात मी नाचले आहे. चौथीत होते, नवा फ्रॉक होता, आणि धाकटा भाऊ आईच्या मांडीवर बसून हळदीने पिवळा झाला होता. आमच्या जामसरकडे याचं कुणाला नवल नाही. दोघांची चूल एक झाली की घर झालं. लग्न काय, जमेल तेव्हा करायचं. हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो इतका हसला, की भजी घशात अडकली.

तो म्हणजे लातूरकडचा मास्तर. सूर्यमाळच्या वरच्या अंगाला एका पाड्यावर मी उपकेंद्रात नर्स, आणि त्याची शाळा समोरच. मोबाइलला रेंज फक्त टेकडीवरच्या दगडापाशी, त्यामुळे संध्याकाळी तिथे गाठ पडायचीच. मग रविवारी त्याच्या बाइकवरून जव्हारचा बाजार, सनसेट पॉइंट, भजी. कुणी कुणात अडकायचं नाही, हे आम्ही सुरुवातीलाच ठरवून टाकलं. त्याने बदलीचा अर्ज केलेलाच होता. बदली होईपर्यंत काय ते, असं तो म्हणाला. मी म्हटलं, मला तरी कुठे जन्मभर तुझं तोंड बघायचंय. मोठी शहाणी लागून गेले होते!

पाड्याला मात्र आमचं हे ठरलेलं कुणी सांगितलं नव्हतं. तो संध्याकाळी जेवायला माझ्याकडे यायचा, माझा गॅस संपला की मी त्याच्या खोलीवर भाकऱ्या थापायचे. लोकांनी बघितलं आणि विषय संपला. कुजबुज नाही की चौकशी नाही. आम्हीच आपले लपवत बसलो होतो. जव्हारहून येताना मी तोंडाला ओढणी बांधून अलीकडच्या वळणावर उतरायचे आणि उन्हातून चालत यायचे.

उन्हाळ्यात विहीर आटली आणि टँकर सुरू झाला. टँकर विहिरीत पाणी ओतून जायचा. ओढाताण नको म्हणून बायांनीच वाटणी लावली होती: एकट्या माणसाच्या घराला दोन हंडे, नवराबायकोच्या घराला तीन. वाटणीला माझ्या शेजारची म्हातारी उभी असायची. तिने आम्हा दोघांपुढे मिळून तीन हंडे ठेवले. मास्तर म्हणाला, चुकलं तुमचं, आम्हाला दोन-दोन यायला हवेत.

"तुमचा घर एकच हाय ना?" म्हातारी म्हणाली.

"नाही हो. आमचं कुठे लग्न झालंय?"

बाया पदर तोंडाला लावून हसल्या. लग्न होईल मागाहून, त्याचं काय एवढं, असं त्यांचं म्हणणं. पण हा हट्टाला पेटला. आम्ही वेगळे राहतो, आमचं तसलं काही नाही, असं सगळ्या पाड्यासमोर सांगत सुटला. म्हातारीने चौथा हंडा भरून दिला.

तो बोलला ते आमचं ठरलेलंच होतं. तरी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एका हंड्यासाठी! मी त्याच्याशी बोलणं टाकलं, जेवायला बोलावलं नाही, दगडाकडे फिरकले नाही. आणि गॅसपुढे एकटी चरफडत असताना माझ्या लक्षात आलं, की आपण यात पुरत्या अडकलोय. मला फार भीती वाटली.

तो आपले दोन हंडे स्वतः वाहायला लागला. अर्धं पाणी शर्टावर सांडायचं, बाया मजा बघायच्या. मग एक दिवस टँकर आला असताना तो विहिरीपाशी आला आणि भरलेला हंडा म्हातारीपुढे परत ठेवला.

"आमचं एकच घर धरा," तो म्हणाला.

त्या दिवसांत पाणी परत करणारा माणूस पाड्यावर कुणी बघितला नव्हता. मी दोरी धरून उभी होते. डोळे भरून आले, म्हणून त्याच्यावरच खेकसले की आधी तो ओला शर्ट बदल.

मग तो सामान घेऊन माझ्याकडेच राहायला आला. इतक्या सुखात मी आधी कधीच नव्हते. बदलीचा अर्ज मागे घेतो म्हणाला होता. घेतला का, हे मी विचारलं नाही.

दिवाळीनंतर आदेश आला. आई एकटी आहे, आधी तिला सांगतो, मग येऊन तुला नेतो, असं तो बोलला आणि बाइकला बॅगा बांधून गेला. सुरुवातीला रोज फोन यायचा. मी ड्यूटी आटपली की थेट टेकडी चढायचे. मग फोन कमी झाले, मी चढायचं थांबवलं नाही. एका संध्याकाळी तो म्हणाला, घरचे ऐकत नाहीत, मुलगी बघितलीय त्यांनी, माझं काही चालत नाही गं. मी बरं म्हटलं. फोन ठेवला आणि टेकडी उतरले. फाल्गुनात त्याचं लग्न झालं.

मी पाड्यावर कुणाला बोलले नाही. यंदाही टँकर सुरू झाला. मी दोनच हंडे घेऊन गेले. म्हातारीने ते भरले आणि आपल्या घरचा तिसरा आणून माझ्यापुढे ठेवला. मी म्हटलं, नको, मी एकटीच आहे आता.

"दादला कामाला गेला त घर मोडता का?" ती म्हणाली.

तिचा मुलगा भिवंडीला आहे. विहिरीवरच्या निम्म्या बायांचे नवरे वीटभट्टीवर नाहीतर वसईला, पावसाच्या तोंडाला परत येणारे. त्या सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, आणि कुणी हसत नव्हतं. कवा येल तो, असं एकीने विचारलं. काम संपलं की येईल, असं मी सांगितलं.

तिसरा हंडा मी घरी आणला. दर टँकरला आणते. मला एकटीला तो संपत नाही.