वहिनीने काढलेली सवलत

माझी वहिनी कारखान्यातले कॉम्प्युटर सांभाळते. पाचदा पासवर्ड चुकला की सर्व्हरने त्या मशीनला आपोआप बाहेर काढायचं, असा नियम. पण तीन दिवस कुणी चोर इंटरनेटवरून आतल्याच एका मशीनमध्ये शिरून पासवर्ड आजमावत होता आणि सर्व्हर ढिम्म! साहेब म्हणाले, "सॉफ्टवेअरच भंगार आहे."

वहिनीने वाद न घालता सवलतीची यादी उघडली. कधीच अडवायचं नाही अशा मशीनांत पहिलं साहेबांचं, आणि चोर नेमका त्यातच. साहेबांच्या विसराळूपणाचे लाड, दुसरं काय! तिने ते मशीन साफ केलं, अख्खी यादी पुसली आणि स्वतःच्या मशीनवरून मुद्दाम पाचदा चुकीचा पासवर्ड मारला. सर्व्हरने तिलाच हाकललं. ती खूश!

दुपारी साहेब पासवर्ड विसरले. "मला कुणी बाहेर काढलं?"

"रांगेत या, साहेब," वहिनी म्हणाली. "आधी मला काढलंय."