रिकामी सायकल

जळबा दूधवाल्याला रिकामी सायकल चालवता येत नाही, ही गोष्ट पन्नाशी ओलांडेपर्यंत खुद्द जळबालाही माहीत नव्हती. तसा प्रसंगच कधी आला नव्हता. रोज सकाळी कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन अडकवून तो मळ्यातून कनेरगाव नाक्यावर यायचा, हिंगोली रस्त्यावरच्या ढाब्यांना दूध घालायचा आणि परत जाताना रिकाम्या कॅनांवर सरकीच्या पेंडीचं पोतं आडवं बांधायचा. जातानाही ओझं, येतानाही ओझं. मागून जड असलेली सायकल कशी धरायची हे त्याच्या हातांना पाठ होतं. दुसरं काही त्या हातांनी शिकलेलंच नव्हतं.

हे उघडं पडलं ते हिंगोली जिल्हा झाला त्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात. त्या वर्षी पौषात थंडीनं कहर केला होता. ढाब्यावर थांबलेले ड्रायव्हर गाड्या सोडून शेकोटीजवळच रात्र काढत. हिंगोलीतल्या हरीश नावाच्या तरुण मास्तरानं तेव्हा एक सायकल फेरी ठरवली. नाक्यावरून निघायचं, हिंगोलीवरून औंढ्याला मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी वसमत गाठायचं. तिथल्या मुलींच्या वसतिगृहात पांघरुणं कमी होती. प्रत्येक स्वारानं एक दाता शोधायचा. स्वार सायकलवर वसमतला पोचला की दात्यानं वसतिगृहाला ब्लँकेटांचा एक गठ्ठा द्यायचा. स्वार वाटेत फेरीमागून येणाऱ्या टेम्पोत बसला तर दाता मोकळा.

जळबाच्या लेकीची लेक साक्षी त्याच वसतिगृहात राहायची. महिन्यापूर्वी दोन दिवस आजोळी आली होती, तेव्हा शकुबाईच्या कुशीत शिरून सहज बोलून गेली, "आजी, आमी दोघी एका चादरीत निजतो. आधी आकांक्षाचे पाय भाईर, मंग माझे."

"तुझी बारी कवा येती?" शकुबाईनं विचारलं.

"पहाटंची."

जळबा अंगणात धार काढत होता. त्यानं ऐकलं आणि म्हशीच्या पाठीवर उगाच हात फिरवत राहिला. फेरीची बातमी कळली त्याच दिवशी तो ढाबेवाल्या हिरासिंगकडे गेला.

"तू वसमतला जाणार?" हिरासिंग म्हणाला. "तुझ्या आधी तुझी म्हैस पोचंल."

"म्हशीचं नाव दिलं न्हाई म्या."

"पोचलास तर गठ्ठा माझा. पण सायकलवर हां. टेम्पोतून उतरलास तर चहासुद्धा मिळणार न्हाई."

"बराबर," जळबा म्हणाला.

आदल्या संध्याकाळी हरीश सगळ्यांच्या सायकली बघायला नाक्यावर आला. जळबाची सायकल बघून म्हणाला, "काका, कॅन काढून ठेवा. सगळे जवळजवळ चालणार, कॅन कुणाला लागला तर पंचाईत होईल. ओझं काहीच नको. सामान टेम्पोत टाकू."

जळबानं कॅन उतरवले, टांग मारली आणि रस्ता ओलांडायच्या आत हिरासिंगच्या राखेच्या ढिगात जाऊन पडला. कपडे झटकून पुन्हा बसला. पुन्हा पडला. हँडल त्याच्या हातात भिंगरीसारखं फिरत होतं.

"दूध विकता विकता सायकल चालवायला इसरला रे," हिरासिंग पोट धरून म्हणाला.

घरी आल्यावर जळबा चुलीपुढे बसून राहिला. शकुबाईनं भाकर वाढली, त्यानं हात लावला नाही. तिनं खोदून खोदून सगळं काढून घेतलं. साक्षीचा गठ्ठा गेला, एवढंच तो परत परत म्हणत होता.

"मास्तर ओझं नको म्हनले, का माणूस नको म्हनले?" शकुबाईनं विचारलं.

"माणसाचं कायी बोलले न्हाई."

"मंग मी बसते माघं."

जळबा बघतच राहिला. ती लग्न होऊन आली ती बैलगाडीतून. पुढे माहेरी गेली तर एसटीनं, शेतात गेली तर पायी. कॅरिअर कायम दुधाचं आणि पेंडीचं. तिनं कधी मागितलं नाही आणि त्यालाही कधी सुचलं नाही.

"अगं, पण वजनाचा अंदाज..."

"दोन कॅन भरतील तेवढं भरंल माझं."

"भरलेल्या कॅनाएवढं?"

"व्हय. तुमी पाणी घालून भरता, तेवढं."

सकाळी नाक्यावर धुकं इतकं दाट होतं की समोरचा ढाबा दिसत नव्हता. त्यातून जळबाची सायकल आली. मागे वाकळ गुंडाळून शकुबाई.

"काका, हे काय?" हरीश म्हणाला.

"सर, हे सामान न्हाई."

"बराबर हाय," हिरासिंग ओट्यावरून म्हणाला. "बायकोला सामान म्हनायची हिंमत असंल त्यानं म्हनावं."

बाकीचे स्वार हसले. हरीशनं माकडटोपी कानावर ओढली आणि शिट्टी फुंकली.

सायकल सरळ रेषेत चालली. फरक एकच होता. कॅन नुसते खडखडायचे, शकुबाई बोलत होती. हे शेत कुणाचं, त्या विहिरीला पाणी आहे का. शेवटचा ढाबा मागे पडल्यावर एका लिंबाखाली सायकल आपोआप हळू झाली.

"इथं काहून थांबून राहिले?"

"सवय. बिडी वढायला थांबतो."

"मला तर बिडी सोडली म्हनला व्हता."

जळबानं जोरात पायडल मारलं. हिंगोलीत पोरांनी शिट्ट्या वाजवल्या, तेव्हा त्याचे कान लाल झाले. शकुबाईनं मात्र पदर सावरून पोरांना हात केला. चढ आला की ती न सांगता उतरायची आणि मागून रेटायची. अंधार पडायच्या आत दोघं औंढ्याला पोचली.

दुसऱ्या दिवशी आभाळ उतरलं. वसमतच्या वाटेवर बोचरा वारा आणि त्याबरोबर पाऊस. वाकळ भिजून जड झाली. शकुबाईचं बोलणं आधी कमी झालं, मग थांबलं. जळबानं सायकल उभी करून बघितलं तर तिचे ओठ काळेनिळे पडले होते आणि सीट धरलेली बोटं सुटत नव्हती. त्यानंच तिला उतरवून टेम्पोत बसवलं.

"अन् तुमी?"

"मी बघतो."

तो बसला. थोडा गेला आणि चिखलात पडला. उठला, पुन्हा पडला. ढोपर फुटलं. हरीश जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "काका, बसा आता टेम्पोत. कुणी नाव ठेवणार नाही."

जळबा सायकल धरून तसाच उभा राहिला. या वेळेला वसतिगृहातली लेकरं शाळेतून आली असतील, पुढं रात्र आहे आणि मग पहाट, एवढंच त्याच्या मनात फिरत होतं.

टेम्पोचा फाळका वाजला. शकुबाई ओली वाकळ टाकून, ड्रायव्हरनं दिलेलं कोरडं बारदान पांघरून खाली उतरत होती.

"बस ना मायबाई," जळबा म्हणाला. "मरशील थंडीनं."

"टेम्पोला मी लागत न्हाई," ती म्हणाली. "तुमाला लागते."

अंगात ऊब येईपर्यंत दोघं सायकलच्या दोन बाजूंनी पायी चालली. त्यानं आपला कोट तिला घातला. मग ती बसली आणि सायकल सरळ झाली.

वसतिगृहाच्या फाटकात दिवे लागल्यावर दोघं सगळ्यांत शेवटी पोचली. हिरासिंग जीप घेऊन आधीच आला होता. त्याचा गठ्ठा अजून जीपमध्येच होता, दोरीसकट. त्यानं सायकल बघितली, जळबाचं ढोपर बघितलं, शकुबाईचं बारदान बघितलं.

"बोली एका स्वाराची व्हती," गठ्ठा उतरवत तो म्हणाला. "आले दोघं. दुसरा गठ्ठा उद्या बाजारातून देतो."

साक्षी पळत आली. "आजी, टेम्पोत जागा नव्हती का?"

"व्हती," शकुबाई म्हणाली.

त्या रात्री ती साक्षीजवळच निजली आणि नव्या ब्लँकेटात नातीचे पाय आपल्या पायांत धरून ठेवले.

पुढे बरीच वर्षं, डेअरीची गाडी मळ्यापर्यंत येऊ लागली तोवर, जळबा सायकलवरच दूध घालत राहिला. बाजाराच्या दिवशी मात्र हिरासिंगला एकच कॅन मिळायचा.

"अर्धं दूध कुठं गेलं रे?" तो दर वेळी विचारायचा.

"एका बाजूला कॅन हाय," जळबा म्हणायचा. "दुसऱ्या बाजूला ही बसली न्हाई का."

तोवर शकुबाई खाली उतरून पिशवी झटकत असायची. "बिडी वढायला थांबू नका," एवढं सांगून ती बाजाराकडे चालू लागायची.