टिकलीवाल्यांचं कुंड

तेलाचा पंप खांद्याला अडकवून मी कुंडाच्या काठावर उभा होतो आणि सुभद्राबाई समोरून हलायला तयार नव्हत्या. सत्तरच्या दशकाची अखेर. मी मलेरिया इन्स्पेक्टर. कापडे गावाजवळच्या वाडीत तापाचे पेशंट निघाले होते. साचलेल्या पाण्यावर तेल फवारायचं. थर पसरला की डासांच्या अळ्या गुदमरतात. एवढंच काम.

"हितं नाय टाकायचं. मासं मरतील," बाई म्हणाल्या. त्या वाडीतल्याच, भातशेती करणाऱ्या, माझ्या आईच्या वयाच्या.

"मावशी, माणसं आजारी आहेत."

"माजी सूनच पडलीय तापानं. आधी बगा तरी."

मी वाकलो. उंबराच्या मुळांशी, सावलीत, बोटाएवढे मासे पाण्याच्या अगदी वरच्या थरात स्थिर उभे होते. प्रत्येकाच्या डोक्यावर चांदीचा ठिपका. बाई त्यांना टिकलीवाले म्हणत.

अळ्या मोजायला आम्ही पांढरी पळी बुडवतो, त्याला डिप म्हणतात. कुंडात दहा डिप घेतले. एकही अळी नाही. रस्त्याच्या मातीसाठी खणलेल्या शेजारच्या खड्ड्यात मात्र पहिल्याच डिपला अळ्या वळवळल्या.

पोलादपूरला ऑफिसात माझ्या साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "मग तेच मासे खड्ड्यात सोडा."

मी उत्साहानं वीसेक मासे नेऊन सोडले. बाई नुसत्या बघत होत्या. आठवड्यानं गेलो, तर मासे गायब आणि अळ्या जागच्या जागी. मला फार वाईट वाटलं.

"मावशी, बोलला का नाहीत?"

"तुमी इचारलंत कुटं? सावली नाय, मुळं नाय. लपतील कुटं, अंडी कुटं घालतील? खंड्या पाखरानं उचललं असतील."

खड्ड्यात तेल मारलं. कुंड मात्र फवारणीच्या यादीत होतंच. साहेब म्हणाले, "यादी अशी बदलता येत नाही."

"सर, एकदा तुम्हीच डिप घ्या."

ते जीपनं आले. बूट काढून पाण्यात उतरले, डिप घेतले आणि नंतर बराच वेळ तिथंच उभे राहिले. एक टिकलीवाला त्यांच्या पोटरीपाशी येऊन थांबला होता.

"काढा यादीतून," ते हळूच म्हणाले. जणू मोठ्यानं बोललं तर तो पळेल.

गोळ्यांचा कोर्स पूर्ण करून सून बरी झाली. पुढं माझी बदली झाली. चार्ज देताना नव्या इन्स्पेक्टरसाठी लिहून ठेवलं: कुंडात फवारणी करू नये. मासे हलवायचे झाल्यास आधी सुभद्राबाईंना विचारावे. मी विचारलं नव्हतं. वीस मासे गेले.