थिसलबी साहेबांच्या नावाची करंजी

दोह्यात मराठी माणूस भेटला की आधी आडनाव विचारतो, मग मूळ गाव. मधुकर थिसलबींना तिसराही प्रश्न येतो, "थिसलबी म्हणजे नक्की कोण?" या जात चाचपणाऱ्या 'कोण'चा मला मनापासून राग आहे. ते मात्र शांतपणे सांगतात. जालन्याकडे मोठा दुष्काळ पडला, पणजोबा मिशनच्या अनाथाश्रमात आले, विलायतेतल्या थिसलबी साहेबांनी त्यांचा खर्च उचलला आणि आपलं नाव दिलं. नाव दिलं म्हणजे पदरात घेतलं, असं त्यांच्या घरी धरून चालतात. म्हणून नाताळच्या फराळातली पहिली करंजी साहेबांच्या नावाने बाजूला काढायची.

मधुकर दोह्याशेजारच्या लुसैलला इलेक्ट्रिकल फोरमन, मी त्यांचा शेजारी. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या साइटवर एडविन थिसलबी नावाचे इंग्रज सल्लागार आले. मधुकरांच्या हेल्मेटवरचं नाव वाचून ते थबकलेच. हे आडनाव आता इंग्लंडातही दोन-चार घरांतच उरलंय म्हणे, काटेरी झुडपांच्या एका खेड्यावरून पडलेलं. मधुकरांनी त्यांना नाताळला जेवायला बोलावलं.

"त्या घरच्या मानसानं एकदा 'तुमी आमचेच' म्हनावं, बस," ते मला म्हणाले होते.

एडविन आले, करंज्या आवडीने खाल्ल्या. मधुकरांच्या पणजोबांची गोष्ट ऐकून मात्र हातातली करंजी ताटात ठेवली. मग आपल्या आजीकडून ऐकलेलं त्यांनी सांगितलं. एडविनच्या पणजोबांनी एका मुलाचा खर्च उचलून त्याला आपलं नाव दिलं होतं हे खरं, पण तो दुसऱ्याच वर्षी तापाने गेला. मिशनने कळवलं, काळजी नको, तेच नाव आता दुसऱ्या मुलाला दिलंय. "तो दुसरा म्हणजे तुमचे पणजोबा असणार."

माणूस वाईट नव्हता. निघताना त्याने मधुकरांचा हात हातात घेऊन आभार मानले. 'आमचेच' काही म्हणाला नाही.

माझा संताप झाला. मेलेल्या पोराचा सदरा दुसऱ्याला चढवावा तसं नाव चढवलं होतं. मधुकरांच्या पत्नी राजश्रीवहिनी ताटं उचलायला आल्या. पहिली करंजी तशीच बाजूला होती.

"फुडच्या साली साहेबाची काढू नको," मधुकर म्हणाले.

"मग बंदच करायचं का?"

"नाही. त्या गेलेल्या पोराच्या नावानं काढ."

वहिनींनी ताटं खाली ठेवली. "काय नाव व्हतं त्याचं?"

मधुकरांना त्याचं एकच नाव ठाऊक होतं, थिसलबी.